लाल चिलखताचे २५ सेकंद

अरीना शूटर, म्हणजे बंदिस्त मैदानात एकमेकांवर गोळ्या झाडायचे व्हिडिओ गेम, यांवरचा एक लेख वाचला. ‘अरीना शूटर म्हणजे नुसता गोळीबार’ हे त्यातलं वाक्य अजिबात पटलं नाही. १९९९ चा क्वेक थ्री अरीना घ्या. सुरुवातीला सगळ्यांच्या हातात तीच मशीनगन, बाकी सगळं मैदानातून उचलायचं. लाल चिलखत उचललं की २५ सेकंदांनी तिथेच परत येतं. मुरलेला खेळाडू गोळ्या चुकवता चुकवता हे सेकंद मनात मोजतो आणि वेळेवर तिथे हजर होतो! पायाशी रॉकेट फोडून मारलेली उडी तर निव्वळ सुख, भले त्यात थोडी हेल्थ जाते.

नवख्यांना हे गेम जड जातात, या मुद्द्यावर मात्र लेखकाशी सहमत. एकास एक सामन्यात नवखा नुसता मरत राहतो, का मेलो तेही कळत नाही. खेळणारे मोजकेच उरल्यामुळे त्याच्या तोडीचा प्रतिस्पर्धीही सापडत नाही. माझ्या धाकट्या भावाने दोन संध्याकाळीत नाद सोडला. मला फार वाईट वाटलं.