‘शोले’चा शेवट आणि प्रेक्षकांचे मत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. ‘शोले’च्या मूळ शेवटात ठाकूर गब्बरला स्वतः ठार मारतो आणि तो शेवट पडद्यावर आलेल्या शेवटापेक्षा सरस आहे, असे मी लेखात लिहिले होते. त्यावर आपले दोन आक्षेप आहेत. एक, अशा शेवटाचे कौतुक करणे म्हणजे कायदा हातात घेण्याचे समर्थन करणे, आणि ठाकूर तर माजी पोलीस अधिकारी. दुसरा, पोलीस येऊन गब्बरला अटक करतात त्या शेवटासह हा चित्रपट मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षांहून अधिक काळ चालला, म्हणजे प्रेक्षकांना त्यात काही उणे वाटले नाही.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर थोडक्यात देता येईल. १५ ऑगस्ट १९७५ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते, आणि सेन्सॉरच्या आग्रहामुळे दिग्दर्शक रमेश सिप्पी यांना शेवट बदलून पुन्हा चित्रित करावा लागला होता. चित्रपटगृहातल्या प्रेक्षकांपुढे दोन शेवट ठेवून निवड करायला कोणी सांगितले नव्हते. त्यांनी जे पाहिले त्यावर प्रेम केले, आणि तेही पहिल्या काही दिवसांच्या थंड प्रतिसादानंतर, एकमेकांकडून ऐकून. मूळ शेवट असलेली पुनरुज्जीवित प्रत २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील बोलोन्याच्या चित्रपट महोत्सवात दाखवली गेली. म्हणजे मोठ्या पडद्यावर या दोन शेवटांची खरी तुलना आत्ता कुठे सुरू होते आहे.

पहिला आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपण मनापासून घेतला आहे हे जाणवते. कायद्याच्या राज्याची चिंता मलाही आहे. पण कथेत कायद्याचे काय होते, ते एकदा क्रमाने पाहावे. ठाकूर गब्बरला पकडतो, त्याला शिक्षा होते, तो तुरुंग फोडून पळतो आणि ठाकूरचे घर संपवतो. नातवावर गोळी सुटते तो क्षण कॅमेरा दाखवत नाही, आवाज संपता संपता रेल्वेगाडी येते आणि ठाकूर घरी परततो. अंगणात ओळीने झाकून ठेवलेल्या प्रेतांवरची पांढरी वस्त्रे वाऱ्याने उडतात. एवढे दाखवून झाल्यावर शेवटी गब्बरला पुन्हा बेड्या घालायच्या, म्हणजे कथा जिथून बिघडली तिथेच आणून सोडायची. अनेक प्रेक्षकांना हा शेवट अपुरा वाटतो तो रक्ताची तहान लागल्यामुळे नव्हे, असे माझे ठाम मत आहे. कथेने स्वतःच उभा केलेला प्रश्न तिथे अनुत्तरित राहतो.

आणखी एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटली असावी. सेन्सॉरने शेवटातली सगळी हिंसा काढलीच नाही. हात नसलेला ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरचे हात चिरडतो, हे प्रदर्शित चित्रपटातही आहे, आणि टाळ्या पडतात त्या तिथेच. त्यानंतर पोलीस येतात आणि ठाकूर थांबतो. सूडाचा सगळा थरार प्रेक्षकाला मिळतो, मात्र त्याचा भार कोणावरच पडत नाही. मूळ शेवटात गब्बर मरतो आणि ठाकूर कोसळून रडू लागतो. इतकी वर्षे ज्या एका क्षणासाठी तो जगला, तो क्षण आला तरी गेलेले कोणीही परत येत नाही, हे ठाकूरची भूमिका करणाऱ्या संजीवकुमार यांच्या चेहऱ्यावर दिसते. सूड घेण्याविरुद्ध याहून थेट विधान मला या चित्रपटात दुसरीकडे कुठे आढळत नाही, आणि तेच कात्रीत सापडले.

ठाकूरचा सूड दुसऱ्यांच्या हातांनी घेतला जातो, याचाही विचार व्हावा. होळीच्या हल्ल्यात बंदूक त्याच्या पायांशी पडलेली असते आणि तो ती उचलत नाही, म्हणून जय आणि वीरू चिडतात; शालीखाली हात नाहीत हे त्यांना नंतर कळते. त्या दोघांना त्याने पैसे देऊन आणलेले असते, आणि किंमत चुकवतो तो जय. त्याच्या मागे ठाकूरची विधवा सून राधा राहते. जयशी तिच्या पुनर्विवाहासाठी ठाकूर स्वतः तिच्या वडिलांशी बोललेला असतो. घरातली उरलेली एकच सून, आणि तिच्या वाट्याला दुसऱ्यांदा तेच दुःख येते, तेही सासऱ्याच्या सूडापायी. मूळ शेवटातले रडणे मी या सगळ्यासकट वाचतो. बेड्यांच्या शेवटात त्याला जागाच उरत नाही.

माजी पोलीस अधिकाऱ्याने असे वागणे प्रेक्षकांना चुकीचे वाटावे, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. ते चुकीचे वाटण्यासाठी ते घडलेले दिसले पाहिजे, एवढाच माझा आग्रह आहे. मूळ शेवट आपण अजून पाहिला नसल्यास जरूर पाहावा, आणि त्यानंतरही मत बदलले नाही तर ठाकूरच्या त्या रडण्याचा अर्थ आपण कसा लावता, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.