‘जुनी डिझायर डोळे झाकून घ्या’ म्हणे!

मारुतीच्या डिझायर गाडीचं नवं मॉडेल 11 नोव्हेंबर 2024 ला आलं आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज पडला: ‘शोरूममध्ये उरलेली जुनी डिझायर डोळे झाकून घ्या. पन्नास हजार वाचतात, इंजिन चार सिलिंडरचं, बॉडी तीच, स्पेअरची चिंता नाही, आणि नव्या मॉडेलच्या पहिल्या लॉटमध्ये खोड्या असतातच.’ गाडीचं नाव बदलून हा मेसेज अजून फिरतोय. मेव्हणा तेव्हा गाडी घ्यायला निघालेला, त्यामुळे मला तो नीट वाचावा लागला.

इंजिनाचं म्हणणं खरं आहे. जुनीची ताकद 90 पीएस, नवीची 82च्या आसपास. मित्राची जुनी मी दिवे घाटात चार माणसं नि एसी घेऊन चालवलीय, तक्रारीला जागा नाही. नव्या तीन सिलिंडरला सिग्नलवर हलकी थरथर आहे. गिअरच्या दांड्यावर हात ठेवला की कळते. पण मॅन्युअल गिअरवाल्या गाडीचं कंपनीने सांगितलेलं मायलेज लिटरला जुनीचं 22.41 किलोमीटर, नवीचं 24.79. वर्षाला बारा हजार किलोमीटर धरा, पन्नासेक लिटर पेट्रोल वाचतं. शंभरावरच्या भावाने पाच वर्षांत पंचवीस हजारांच्या वर. म्हणजे त्या पन्नास हजारांतले निम्मे इथेच गेले.

उरलेले निम्मे विकताना जातात. आरसी बुकावर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असतं, आणि सेकंडहँडवाला आधी तेच बघतो. ‘जुना शेप आहे ना,’ एवढं म्हणून तो भाव पाडायला सुरुवात करतो. विम्यातही गंमत आहे. एरवी पाच वर्षांपर्यंत आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, ठरलेल्या तक्त्याने उतरते: सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, असं पुढे. पण उत्पादन बंद झालेल्या मॉडेलला तो तक्ता लागू नाही. तिथे विमा कंपनी आणि मालक यांच्यात जे ठरेल ते. त्या बोलणीत वजन कुणाचं असतं, हे क्लेम केलेल्याला विचारा.

‘पहिल्या लॉटच्या खोड्या’ हा मुद्दा एरवी मीही मांडतो. डिझायरला मात्र तो फारसा लागत नाही, कारण तेच इंजिन मे 2024 पासून स्विफ्टमध्ये धावत होतं. स्पेअरबद्दल वाद नाही. नवी आल्यावरही जुनीच बॉडी टूर एस नावाने टॅक्सीवाल्यांना मिळत होती.

‘बॉडी तीच’ मात्र मला अजिबात पटत नाही. प्लॅटफॉर्मचं, म्हणजे गाडी ज्या पायावर उभी राहते त्याचं, नाव हार्टेक्टच आहे, कबूल. पण जुन्या डिझायरची सख्खी बहीण म्हणावी अशी तेव्हाची स्विफ्ट 2022 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत पाचपैकी एका ताऱ्यावर अडकली. तिचा सांगाडा अस्थिर ठरला. नव्या डिझायरला त्याच संस्थेने मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच आणि मुलांच्या सुरक्षेसाठी चार तारे दिले. जुनीला दोन एअरबॅग, नवीला सगळ्यात स्वस्त व्हेरिएंटपासून सहा. गाडी दहा वर्षं वापरून भंगारातच द्यायची असेल, तर विक्रीचं माझं सगळं गणित सोडून द्या. हा फरक तरीही उरतोच, आणि मागच्या सीटवर भाची बसणार होती.

शोरूमच्या मागच्या यार्डात आम्ही जुनी बघायला गेलो. ‘साहेब, अगदी फ्रेश स्टॉक,’ सेल्समन म्हणाला. मेव्हण्याने रुमालाने टायरवरची धूळ पुसली. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे निघाले 1624, म्हणजे 2024 चा सोळावा आठवडा. टायर एप्रिलचे, आणि आम्ही उभे डिसेंबरात. सेल्समनने लगेच आणखी दहा हजार कमी केले. मेव्हण्याने रुमाल झटकला आणि नवीला वेटिंग किती आहे ते विचारलं.