११८ नावं पाठ झाली, पुढे?

शिक्षक-पालकांमध्ये सध्या एक मजकूर हातोहात फिरतोय. म्हणणं असं: सहावी ते आठवीच्या मुलांकडून ११८ मूलद्रव्यं यमकात पाठ करून घ्या, अणू म्हणजे चिमुकली सूर्यमाला, एवढं चित्र पुरे, प्रत्येक कवचात (केंद्रकाभोवतीच्या थरात) आठ इलेक्ट्रॉन हे घोटून घ्या, आवर्तसारणी वजनाच्या चढत्या क्रमाने लावलेली आहे हे सांगा, आणि ही सारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्ह वगैरेंच्या इतिहासात तास घालवू नका. मी याच वयाच्या मुलांना विज्ञान शिकवते. पाचही मुद्दे सारखेच चुकलेले नाहीत, म्हणून सगळ्यांवर सारखं बोलणार नाही.

“११८ पाठ झाली की निम्मं काम झालं”

पाठांतराशी माझं वैर नाही. पहिली वीस नावं चिन्हांसकट तोंडात असलेली बरी, नाहीतर प्रत्येक समीकरणाला पुस्तक उघडावं लागतं. पण ११८? शेवटचा ओगॅनेसॉन घ्या. त्याला हे नाव मिळालं २०१६ मध्ये. त्याचे आजवर मोजकेच अणू बनवता आले आणि तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत मोडले. सातवीतल्या मुलाने त्याच्याशी ओळख कशी करून घ्यायची?

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. एका मुलाने मला अख्खी यादी एका दमात म्हणून दाखवली. विचारलं, “सोडिअमसारखं वागणारं दुसरं कोण?” क्षणभर ओठ हलले आणि उत्तर आलं, “मॅग्नेशिअम.” कारण यमकात सोडिअमच्या पुढे मॅग्नेशिअम येतं. यमक आडवं धावतं. सारणीतली नाती उभी असतात. सोडिअमचा सख्खा भाऊ पोटॅशिअम त्याच्या थेट खाली बसतो, पण यादीत तो आठ घरं लांब. म्हणजे यमक नुसतं कमी पडत नाही, ते मुलाला चुकीच्या शेजाऱ्याकडे नेतं.

“अणू म्हणजे सूर्यमाला”

पहिल्या दिवशी हे चित्र मीही फळ्यावर काढते. दुसऱ्या दिवशी ते मोडावं लागतं. खडूने एक मिलिमीटरचा ठिपका काढा आणि म्हणा, हे हायड्रोजनचं केंद्रक. मग इलेक्ट्रॉन कुठे? पुस्तकातल्या चित्रात दोन बोटांवर. या मापाने तीसेक मीटरवर, म्हणजे वर्गाबाहेर. मुलांना ठिपक्यापासून पावलं मोजत जाऊ द्यावं, वर्गात हा गोंधळ परवडतो. शिवाय ग्रहासारखा आखीव रस्ता इलेक्ट्रॉनला नाही. तो नुसता ग्रहासारखा फिरत असता, तर ऊर्जा गमावत केंद्रकात कोसळला असता. रदरफोर्डने १९११ मध्ये केंद्रकाची कल्पना मांडली तेव्हा हाच पेच उभा राहिला होता.

“प्रत्येक कवचात आठ”

पहिल्यात दोन, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात अठरापर्यंत. नियमातला खरा भाग एवढाच, की पहिल्या वीस मूलद्रव्यांत सगळ्यात बाहेरच्या कवचात आठाहून जास्त इलेक्ट्रॉन दिसत नाहीत. पोटॅशिअमचं संरूपण, म्हणजे कवचांतली इलेक्ट्रॉनांची वाटणी, २, ८, ८, १. त्याचं तिसरं कवच भरलेलं नाही, तरी एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्यात जातो. का, ते या वयात सांगायची घाई नको. पण “तिसरं भरलं” असंही सांगू नका. ते पुढच्या शिक्षकाला निस्तरावं लागतं.

“सारणी वजनाच्या क्रमाने” आणि “इतिहास नको”

हे दोन मुद्दे एकत्र घेते, कारण दुसरा पाळला की पहिल्यातली चूक कधी कळतच नाही.

अरगॉनचं अणुवस्तुमान ३९.९५, पोटॅशिअमचं ३९.१०. वजनाने लावलं तर पाण्यात पडताच पेट घेणारा पोटॅशिअम राजवायूंच्या रांगेत जाऊन बसेल. मेंडेलीव्हला असाच पेच टेल्युरिअम आणि आयोडीनपाशी पडला. टेल्युरिअम जड, तरी गुणधर्म पाहून त्याने ते आयोडीनच्या आधी ठेवलं आणि टेल्युरिअमचं वजनच चुकीचं मोजलंय असं ठरवून टाकलं. वजन बरोबर होतं. उलगडा झाला १९१३ मध्ये: मोस्ले या भौतिकशास्त्रज्ञाने क्ष-किरणांच्या मदतीने दाखवलं, की क्रम ठरतो केंद्रकावरच्या प्रभाराने. आपण आज त्याला अणुअंक, म्हणजे प्रोटॉनांची संख्या म्हणतो.

याच मेंडेलीव्हने १८६९ मध्ये, ६३च मूलद्रव्यं माहीत असताना, सारणीत रिकाम्या जागा सोडल्या होत्या. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलिअम सापडलं. शोधणाऱ्याने घनता मोजली ४.७. मेंडेलीव्हने तो धातू पाहिलाही नव्हता, तरी कळवलं: ५.९ च्या आसपास यायला हवी, पुन्हा मोजा. नमुना आणखी शुद्ध करून मोजला, ५.९ भरली! तोच माणूस, तोच ठाम सूर. एकदा बरोबर, एकदा चूक. हे ऐकताना मागच्या बाकांवरची कुजबुजही थांबते.

पहिल्या तासाला मी नावं सांगतच नाही. कार्डांवर अणुवस्तुमान आणि वागणूक लिहून देते आणि एक कार्ड गुपचूप काढून ठेवते. मुलं सारखी वागणारी कार्डं एकाखाली एक लावतात. लिथिअम ६.९४, मग भोक, मग पोटॅशिअम ३९.१०. “बाई, एक हरवलंय.” हरवलेल्याचं वजन सांगा म्हटलं, की कोणीतरी सरासरी काढतं: २३.०२. मग सोडिअमचं कार्ड उलटून दाखवते: २२.९९.

गेल्या खेपेला एका मुलीने हीच युक्ती शेजारच्या रांगेवर चालवली. फ्लोरीन १९, ब्रोमीन ७९.९०, सरासरी ४९.४५. क्लोरीन निघालं ३५.४५. ती चिडली. दुसऱ्या तासाला अणुअंक दिले, तेव्हा तिने वजाबाक्या मांडल्या. लिथिअम ते सोडिअम आठ, सोडिअम ते पोटॅशिअम आठ, फ्लोरीन ते क्लोरीन आठ. क्लोरीन ते ब्रोमीन अठरा.

“बाई, हे मधले दहा कोण घुसले?”