गावाकडच्या गुलाबी थंडीची मजा कशी लुटावी

तुम्ही पुण्या-मुंबईला राहता ना? आणि विदर्भातल्या लहानशा गावात तुमचं घर आहे, घरात म्हातारे आई-वडील, थोरला भाऊ आणि वहिनी आहे? मग तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. नाताळच्या सुट्ट्या लागल्या की गाडी काढावी. आमच्याकडची अशी एक गाडी नुकतीच परत गेली. आठवण ताजी आहे तोवर चार युक्त्या लिहून ठेवते.

येत असल्याची खबर आदल्या रात्री द्यावी. आधी कळवलं तर वहिनीच्या जिवाला उगाच घोर.

पोचल्याबरोबर अंगणात उभं राहून म्हणावं, "काय शांतता आहे हो इथे!" तरणी पोरं गावात उरली नाहीत म्हणून शांतता आहे, हे कोणी काढलं तर विषय बदलावा. त्या पोरांतले एक तुम्हीच.

हुरड्याचा हट्ट धरावाच. आमच्या शिवारात आता ज्वारी पेरतं कोण? जिकडेतिकडे सोयाबीन, कपाशी, तूर. कोणी हौसेने ज्वारी टाकलीच, तर पाखरं आणि रानडुकरं आधी जेवून जातात. पण तुम्हाला काय त्याचं? दादा तालुक्याला जाऊन किलोच्या भावाने हुरडा विकत आणेल आणि तुम्ही धुऱ्यावर बसून 'आमच्या शेतातला हुरडा' म्हणून फोटो टाकाल. चटणी मात्र वहिनीने उखळात कुटलेलीच हवी. मिक्सरच्या चटणीला गावाची चव येत नाही म्हणे.

आता मुलांच्या करमणुकीचं. आमच्याकडे बर्फ पडत नाही, पण कापूस आहे. भाव वाढेल या आशेवर पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत भरून ठेवलेला. खोलीची कडी काढून मुलांना खुशाल आत सोडावं. "स्नो! स्नो!" करत ती उड्या मारतील, तुम्ही रील काढावी. बूट काढायला लावू नये. चिप्स आत नेऊ द्यावेत. हा कापूस घरात कसा येतो माहीत आहे का? वेचणीला किलोमागे मजुरी मोजूनही माणसं मिळत नाहीत, म्हणून शेवटच्या वेचणीला मी स्वतः ओटी बांधून गेले. वाळल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला रुततात, मग तिखटात हात घातला की कळतं. घरी आणल्यावर पुन्हा काडी, पाचोळा, केस निवडत बसायचं, कारण व्यापारी मूठभर कापूस उचलतो, चिमटीत धरून ओढतो आणि कचरा दिसला की भाव पाडतो. त्या कापसात मला चिप्सचं चकचकीत पाकीट सापडलं. वरून रात्री पोरांच्या अंगाला खाज सुटली, तर जाऊबाई मलाच विचारतात, "ताई, तुम्ही घरात पेस्ट कंट्रोल करत नाही का?" अगं बाई, कापसाची खाज आहे ती! कापूस विकेपर्यंत आम्ही सगळे खाजवतच झोपतो.

असो. मी युक्त्या सांगत होते.

एक दिवस अमरावती जिल्ह्यातल्या बहिरमच्या यात्रेला जावं. हंडीतलं मटण आणि रोडगे खावेत. आईचे गुडघे दुखतात, तिला घरीच ठेवावं.

रात्री शेकोटीजवळ बसावं आणि दादाला "बस ना रे, कधी नव्हे ते भेटलो" असा आग्रह करावा. तो बसणार नाही. गव्हाचं ओलीत असतं आणि पंपाची थ्री फेज लाइन नेमकी रात्रीच्या पाळीला. 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला होता, तेव्हाही हे टॉर्च घेऊन वावरात पाण्याचे बारे देत होते. थंडी गुलाबी आहे की कशी, ते एकदा रात्री दोन वाजता चिखलात उभं राहून पाहावं.

तसं पाहिलं तर 1953 च्या नागपूर करारामुळे सरकारही दरवर्षी हिवाळ्यात विदर्भात पाहुणचाराला येतं. संत्री खातं, शब्द देतं, निघून जातं. तुम्ही निदान शब्द तरी देत नाही.

निघताना डिक्की उघडीच ठेवावी. तुरीची डाळ, सोले, संत्री, लोणचं आपोआप आत जातं. आईच्या हातात पाचशेची नोट ठेवून तिच्या पाया पडावं.

भाऊजी, कोणाला म्हणते ते कळलंच असेल. राग आला तर येऊ द्या. मामाजी, म्हणजे तुमचे वडील, रोज संध्याकाळी स्वेटर घालून तुमच्याजवळ येऊन बसत होते. तुम्ही त्यांना फोनमधले फोटो दाखवत होता आणि ते "हो, हो, छान" म्हणत होते. त्यांना एकही फोटो दिसत नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशनचं काढलं, तर तुम्ही म्हणालात, "वहिनी, तुम्हीच बघून घ्या ना, तुम्ही इथेच असता." इथेच असतो म्हणजे काय रिकामे बसलेलो असतो का? बाप काय एकट्या थोरल्याचा आहे? वर्षातून एकदा यायचं, खायचं, न्यायचं आणि वर "तुमचं बरं आहे बाप्पा, नो टेन्शन" असं ऐकवून जायचं. लाज वाटू द्या थोडी.

संक्रांतीनंतरची तारीख घेतली आहे, अमरावतीची. मामाजींना तुम्ही न्यायचं, तिथे तुम्ही थांबायचं. रजा टाका. घरी आणल्यावर डोळ्यांत वेळेवर थेंब घालावे लागतात. पहिला आठवडा तुमचा, दुसऱ्यापासून माझा. तसा कागद लिहून मी भिंतीला लावला आहे.