पॉलिशच्या दगडाला ‘दोन मिनिटांत भोक’ म्हणे!

बेळगाव, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. गुळगुळीत गारगोटी असो नाहीतर इलकलच्या ग्रॅनाइटचा तुकडा, ड्रिलने दोन मिनिटांत भोक पडतं, डायमंड बिट (हिऱ्याचे कण लावलेली ड्रिलची कांडी) म्हणजे दुकानदारांची कमाई. भिंतीचं साधं बिट लावा, मशीन हॅमरवर (फिरता फिरता ठोकायच्या सेटिंगवर) टाका, अंगचा जोर द्या, पाणी नको, करंट लागेल, दोन थेंब तेल पुरे. चांगले दगड वाया घालवायचे असतील तर यापेक्षा सोपी रीत नाही.

आधी भिंतीच्या बिटाचं बघू. त्याच्या टोकाचं कार्बाइड गारगोटीपेक्षा कठीण, हे खरंच आहे. कठीणपणाच्या मोहस मोजपट्टीवर क्वार्ट्ज (म्हणजे गारगोटी) 7, कार्बाइड 9च्या आसपास. पण ते टोक ठोकून चुरा करायला बनवलेलं असतं. हॅमर बंद ठेवला तर ते दगडावर नुसतं तापत बसतं, चालू केला तर दगड तडकतो. भिंतीतल्या भोकाच्या कडेचे टवके उडाले तरी स्क्रूखाली झाकले जातात. पॉलिशवर केसाएवढी चीरही लपत नाही वो.

आता ‘अंगचा जोर’. डायमंड बिटाला धार नसते. स्वस्तातल्या बिटावर हिऱ्याच्या बारीक कणांचा एकच थर निकेलमध्ये पकडून बसवलेला असतो आणि ते कण दगड घासत घासत खाली जातात. दाबलं की उष्णता वाढते, निकेलची पकड सुटते, कण गळतात आणि हातात उरते गुळगुळीत कांडी. मग ‘बिट डुप्लिकेट दिलंस’ म्हणून दुकानदाराशी भांडण! बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या मशीनवाल्यांचीही इथेच गफलत होते. लोखंडावर दाब दिला की चिप (लोखंडाचा कीस) निघते, त्याच सवयीने ते दगडावरही मशीन दाबतात.

तेलाची गोष्ट अर्धीच खरी. दगड कापायच्या काही मोठ्या करवती तेलावर चालतात, पण तिथे पातं तेलाच्या टाकीतून फिरतं. दोन थेंब तेल आणि दगडाची पूड मिळून भोकात घट्ट लगदा होतो, बिट त्यातच भाजतं. पाणी उष्णता ओढून नेतं आणि धूळही दाबतं. ही धूळ साधी समजू नका. गारगोटी म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका, ग्रॅनाइटमध्येही ती भरपूर. फुप्फुसात साचलेल्या सिलिकेने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही.

मग करायचं कसं? पसरट डब्यात टाकाऊ लाकडाचा तुकडा, त्यावर दगड घट्ट बसवलेला आणि वर जेमतेम बुडेल इतकं पाणी. पॉलिशवर बिट सटकतं, म्हणून सुरुवात तिरकी. पोकळ बिट असेल तर आधी चंद्रकोरीसारखी खाच पडते. ती पडली की हळूहळू मशीन सरळ करायचं. दर काही सेकंदांनी बिट वर उचलायचं, म्हणजे भोकात ताजं पाणी शिरतं. बाहेर येणारं पाणी दुधासारखं दिसत असेल तर काम नीट चाललंय. नुसती किंचाळी ऐकू येते आणि पाणी स्वच्छच राहतं, तेव्हा बिट संपलंय किंवा चकचकीत होऊन घासायचं थांबलंय.

खरा घात शेवटच्या मिलिमीटरला होतो. बिट पलीकडे निघताना खालचा पापुद्रा एकदम सुटतो आणि मागची बाजू बशीसारखी उडते. लॉकेटच्या दगडाला हे परवडत नाही. त्यामुळे निम्म्याहून थोडं जास्त गेल्यावर दगड उलटा करून दुसऱ्या बाजूने यायचं. दोन्ही भोकं अचूक जुळली नाहीत तर आत बारीक पायरी राहते. दोरा ओवायला तिची अडचण नाही.

राहिली मेसेजमधली विजेची भीती, आणि ती मात्र रास्त. वायरचं मशीन पाण्यावर धरून काम करू नये. बॅटरीचं ड्रिल घ्यावं. 1-2 मिमीच्या बिटाला गती जास्त लागते, तिथे लवचीक शाफ्टचं रोटरी मशीन बरं. मोटर दूर टांगलेली राहते, पाण्याजवळ फक्त हँडपीस.