चाहत्यांनी जिंकवलं म्हणजे हॉल ऑफ फेम मिळालं, असं नाही

अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमबद्दल, म्हणजे गाजलेल्या संगीतकारांना मानाचं स्थान देणाऱ्या संस्थेबद्दल, एक दावा फिरतोय: चाहत्यांच्या मतदानात जो पहिला, त्याचा प्रवेश पक्का. हे चूक आहे.

2013 च्या निवडीपासून चाहत्यांना मत देता येतं, हे खरं. पण त्या लाखो मतांतून सर्वाधिक मतं मिळालेल्या मोजक्या कलाकारांची मिळून एकच मतपत्रिका बनते. ती कलाकार, इतिहासकार आणि संगीतक्षेत्रातल्या लोकांच्या हजारभर मतपत्रिकांच्या ढिगात जाऊन पडते. म्हणजे दर्यामे खसखस! डेव्ह मॅथ्यूज बँडचंच बघा. 2020 मध्ये 10 लाखांहून जास्त मतं घेऊन पहिले आले, तरी बाहेरच राहिले. आत गेले ते 2024 मध्ये. 2025 मध्ये ‘फिश’ या रॉक बँडचंही तेच झालं, पहिला नंबर आणि हात रिकामे.

मला विचाराल तर ही पद्धत चाहत्यांची थट्टाच आहे, पण नियम तोच आहे.

आणि ‘25 वर्षं झाली की नाव लागतं’ हेही अर्धवट. पहिलं रेकॉर्ड निघून 25 वर्षं झाली की फक्त विचार होऊ शकतो. नामांकन समितीने नाव काढलंच नाही, तर मतदानापर्यंत गाडी जातच नाही.