गाठ आहे म्हणून आख्खं स्वादुपिंड काढावं लागत नाही

गेल्या आठवड्यात कळव्याची २४ वर्षांची एक मुलगी आईबरोबर माझ्या नौपाड्यातल्या दवाखान्यात आली. पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी केली, मग सीटी; स्वादुपिंडाच्या शेपटाकडे गाठ दिसली. सर्जननी ऑपरेशन सुचवलं होतं. मी फाइल उघडायच्या आत आईने मोबाइल पुढे केला. “डॉक्टर, हे वाचा. आम्ही नाही करणार ऑपरेशन.”

सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा तो मेसेज नंतर मला आणखी तिघांनी पाठवला. त्याचं म्हणणं असं: पॅन्क्रियाजची (म्हणजे स्वादुपिंडाची) गाठ म्हणजे कॅन्सरच. ऑपरेशन म्हणजे पूर्ण ग्रंथी काढणं आणि जन्मभर इन्सुलिन. ‘थोडंच काढू’ म्हणणारा डॉक्टर गाठ अर्धवट ठेवतो. आणि सुरी लागली की गाठ पसरते.

पहिला मुद्दा. आपण ज्याच्याबद्दल ऐकून हादरतो तो स्वादुपिंडाच्या नळीच्या पेशींतून होणारा कॅन्सर खरंच वाईट आहे, त्यात काही कमी करून सांगण्यासारखं नाही. पण त्याच अवयवात दुसऱ्याही गाठी होतात. सीरस सिस्टअ‍ॅडिनोमा ही पाणी भरलेली गाठ जवळजवळ कधीच कॅन्सर होत नाही. त्रास नसेल तर ती काढतही नाहीत. इन्सुलिनोमा, म्हणजे जास्तीचं इन्सुलिन सोडून रक्तातली साखर उतरवणारी गाठ, १० पैकी ९ वेळा साधा असतो, बहुधा २ सेंटिमीटरहून लहान. तरी तो माणसाला बेजार करतो: उपाशीपोटी घाम, गोंधळ, कधी फिट, आणि साखर खाल्ली की बरं. काही म्युसिनस, म्हणजे चिकट द्रवाच्या, गाठी आज साध्या असतात, पण पुढे बिघडू शकतात. आणि तरुण मुलींमध्ये आढळणारी सॉलिड स्यूडोपॅपिलरी गाठ कमी तीव्रतेची असते. पूर्ण निघाली तर बहुतेक जणी बऱ्या होतात. या मुलीच्या रिपोर्टवर तीच शंका लिहिली होती. मेसेजमध्ये यातल्या एकाही गाठीचं नाव नाही.

दुसऱ्या मुद्द्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं. स्वादुपिंड साधारण १५ सेंटिमीटर लांब. त्याचं डोकं लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेलं, शेपूट प्लीहेपर्यंत (स्प्लीनपर्यंत) पोचलेलं. डोक्याचा आणि त्या आतड्याचा रक्तपुरवठा एकच, म्हणून डोक्यातल्या कॅन्सरसाठी दोन्ही एकत्र काढतात, सोबत पित्ताशय आणि पित्तनलिकेचा भाग. अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये मांडलेली हीच ती मोठी शस्त्रक्रिया. तीतसुद्धा धड आणि शेपूट जागेवर राहतं! पूर्ण ग्रंथी काढली तर मधुमेह अटळ, शिवाय प्रत्येक जेवणाबरोबर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल. ती पाळी मोजक्याच रुग्णांवर येते.

साध्या गाठीला तर याहूनही कमी पुरतं. गाठ वरवर असेल आणि पाचक रस वाहून नेणाऱ्या मुख्य नळीपासून दोन-तीन मिलिमीटर तरी लांब असेल, तर सीताफळाच्या गरातून बी सुटावी तशी ती एकटी सोडवून काढतात. ग्रंथीच्या मानेपाशी, म्हणजे तिचं डोकं आणि धड यांच्या मधे असेल तर मधला तुकडा काढून शेपटाकडचा भाग जठराला किंवा आतड्याला जोडतात. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शेपटाकडे दाट असतात, म्हणून तो वाचवण्याची ही धडपड. शेपटातल्या गाठीसाठी शेपूट काढावं लागलं, तरी प्लीहा राखता येते. काही वेळा तिच्या मुख्य रक्तवाहिन्या कापूनही जठराकडच्या छोट्या वाहिन्यांवर ती जगते. प्लीहा गेली तर न्यूमोकोकससारख्या जंतूंचा धोका जन्मभर राहतो आणि लसी घ्याव्या लागतात. २४ वर्षांच्या मुलीपुढे जगायची किती वर्षं आहेत, हे मोजून बघा. थोडं काढल्यावर कुणालाच मधुमेह होत नाही असं मी म्हणणार नाही. किती ग्रंथी उरली आणि आधी साखर कशी होती, यावर ते ठरतं.

‘अर्धवट’ हा आरोप मला फार लागतो. गाठ पूर्णच निघते. वाचते ती निरोगी ग्रंथी. शंका असेल तर ऑपरेशन चालू असतानाच तुकडा तपासून घेतात, आणि कॅन्सर निघाला तर बेत तिथेच बदलतो, कारण मग लसिकाग्रंथींसकट मोठं काढावंच लागतं. पण या बचतीची किंमतही रुग्णाला आधी सांगायला हवी. कापलेल्या जागेतून पाचक रस झिरपू शकतो. नुसती गाठ सोडवून काढल्यावर हे कमी होतं असं नाही, उलट बरेचदा जास्तच होतं. मग तो रस बाहेर काढणारी पोटातली नळी काही दिवस, कधी काही आठवडे ठेवावी लागते. म्हणून ही शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या हातांकडेच जावं.

सुरी लागून गाठ पसरत नाही. गाठ फुटू न देता अखंड काढायची काळजी मात्र घ्यावी लागते, आणि सर्जन ती घेतात. उशिरा आलेल्या रुग्णाचं पोट उघडल्यावर आधीच पसरलेलं दिसतं, आणि दोष सुरीवर येतो.

मायलेकींना मी कागदावर चार प्रश्न लिहून दिले: गाठ नेमकी कोणती वाटते? मुख्य नळीपासून किती लांब? प्लीहा राखता येईल का? अशी ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता? दुसरं मत हवं असेल तर खारघरला टाटाचं केंद्र आहे, तेही सांगितलं. मुलीने कागद आईच्या हातातून घेतला, घडी करून सीटीच्या पाकिटात ठेवला आणि विचारलं, “लसी ऑपरेशनच्या आधी घ्यायच्या की नंतर?” प्लीहा जाण्याची शक्यता असेल तर आधी, निदान दोन आठवडे.